‘छोटासाच बदल आहे हो!’ सॉफ्टवेअरचं वाढलेलं काम मोजायचं कसं?



वाळू आपण ब्रासवर घेतो. ऊस टनावर जातो, दूध लिटरवर जातं. मग सॉफ्टवेअर कशावर घेतो? बहुतेक ठिकाणी "सगळं मिळून एवढे द्या" असं ठरतं आणि दोन महिन्यांनी वाद सुरू होतो. मालक म्हणतो, "अहो, छोटासाच बदल आहे." करून देणारा म्हणतो, "दादा, हे आपलं ठरलंच नव्हतं." दोघंही खरं बोलत असतात. फक्त दोघांच्याही हातात माप नसतं.

व्हिडिओत हा विषय थोडक्यात घेतला होता, आज आकड्यांनिशी बघू. शिरूर-दौंड भागात डेअरी, गुऱ्हाळ, कृषी सेवा केंद्र चालवणारे, रांजणगाव आणि कुरकुंभ एमआयडीसीत छोटं युनिट असणारे, आणि या सगळ्यांना सॉफ्टवेअर करून देणारी आपली मुलं, दोन्ही बाजूंसाठी हे आहे.

माप आहे का? आहे!

कोडच्या ओळी मोजून उपयोग नाही. तेच काम एक जण २०० ओळींत करतो, दुसरा ८०० ओळींत. ८०० वाल्याला चौपट पैसे द्यायचे का? म्हणून आयबीएममधल्या ॲलन अल्ब्रेक्ट यांनी १९७९ मध्ये वेगळा विचार मांडला: सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला काय काय करून देतं, ते मोजा. त्याला फंक्शन पॉइंट म्हणतात. पुढे १९९८ मध्ये सुरू झालेल्या कॉस्मिक गटाने याच विचारावर आणखी सोपी पद्धत तयार केली. आज ती आयएसओ १९७६१ या नावाने आंतरराष्ट्रीय मानक आहे.

कॉस्मिकमध्ये फक्त चार गोष्टी मोजायच्या:

- माहिती आत आली: १ पॉइंट
- माहिती बाहेर गेली (स्क्रीन, प्रिंट, मेसेज): १ पॉइंट
- साठवलेली माहिती वाचली: १ पॉइंट
- माहिती साठवली: १ पॉइंट

बस्स. प्रत्येक ये-जा म्हणजे एक पॉइंट.

दूध संकलन केंद्राचं उदाहरण

समजा, आपल्या भागातल्या एका दूध संकलन केंद्राला सॉफ्टवेअर हवंय. पहिल्या बैठकीत चार कामं ठरली.

१. सभासद नोंदणी: माहिती आत, साठवली, ‘नोंद झाली’ हा मेसेज बाहेर. ३ पॉइंट.

२. रोजची दूध नोंद: सभासद नंबर, लिटर, फॅट, एसएनएफ आत. सभासदाची माहिती वाचली, दरपत्रक वाचलं, नोंद साठवली, पावती बाहेर, चूक असेल तर मेसेज बाहेर. ६ पॉइंट.

३. दरपत्रक बदलणं: नवे दर आत, साठवले, मेसेज बाहेर. ३ पॉइंट.

४. दहा दिवसांचं बिल: तारखा आत. सभासद वाचले, दूध नोंदी वाचल्या. रोजच्या ओळी बाहेर, एकूण रक्कम बाहेर, मेसेज बाहेर. ६ पॉइंट.

एकूण १८ पॉइंट. हिशेबाला सोपं म्हणून एका पॉइंटला ३,००० रुपये धरू (हा बाजारभाव नाही, दर तुम्ही आपसात ठरवायचा). म्हणजे मूळ काम ५४,००० रुपयांचं.

आता बदल सुरू होतात

पहिला बदल: "दुधाचा दर वाढला, तेवढं करून द्या." इथे बदल शून्य पॉइंट! तिसरं काम त्यासाठीच केलंय. मालकाने स्वतः नवे दर टाकायचे.

दुसरा बदल: "पशुखाद्याची उधारी बिलातून कापा." आता उधारीची नोंद हे नवं काम आलं: माहिती आत, सभासद वाचला, उधारी साठवली, मेसेज बाहेर. ४ पॉइंट. शिवाय बिल काढताना उधारी वाचायची, तो १ नवा. आणि एकूण रकमेत कपात दाखवायची, म्हणजे जुन्यातला १ बदलला. बदलाचं काम ६ पॉइंट. सॉफ्टवेअर मात्र ५ ने वाढलं, १८ चं २३ झालं.

तिसरा बदल: "छापील पावती नको, मोबाईलवर मेसेज जाऊ दे." पावती काढली १, मोबाईल मेसेज नवा १. सभासद नोंदणीत मोबाईल नंबर आला, म्हणून आत येणारी आणि साठवली जाणारी माहिती बदलली २. दूध नोंदीच्या वेळी सभासदाच्या माहितीबरोबर तो नंबरही वाचायचा, बदल १. एकूण ५ पॉइंटचं काम. आणि सॉफ्टवेअर किती वाढलं? एक गेला, एक आला. २३ चे २३!

खरी गोम इथेच आहे

मित्रांनो, हे नीट लक्षात घ्या. सॉफ्टवेअरचा आकार वेगळा आणि बदलाच्या कामाचा आकार वेगळा. घरातली भिंत पाडून दुसरीकडे बांधली, तर घराचे चौरस फूट तेवढेच राहतात, पण गवंड्याची मजुरी द्यावीच लागते.

बदलाचं माप = नवं + बदललेलं + काढलेलं.

वरच्या उदाहरणात दोन्ही बदल मिळून ११ पॉइंट, म्हणजे ३३,००० रुपये. "आधी १८ होतं, आता २३ आहे, पाचचे पैसे घे" असं मालक म्हणाला, तर १५,००० मिळतात आणि पोराचे १८,००० बुडतात. उलट "सगळं नव्याने केलं" म्हणून २३ पॉइंटचं ६९,००० चं बिल लावलं, तर मालकाच्या खिशातून ३६,००० जास्त जातात. मापात दोघांचंही भलं आहे.

काढण्याचं किंवा बदलण्याचं काम नव्यापेक्षा हलकं वाटत असेल, तर त्याचा दर कमी ठरवा. पण सुरुवातीलाच ठरवा.

सरकारी बदलाचं काय?

जीएसटीचं बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दर बदलले, १२ आणि २८ टक्क्यांच्या बहुतेक वस्तू दुसऱ्या दरात गेल्या. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये दर टाकायची सोय आधीपासून ठरलेली असेल, तर हा बदल शून्य पॉइंटचा. करून देणाऱ्याने दर कोडमध्येच पक्का बसवला असेल, तर तो खर्च मालकावर टाकता येत नाही.

पण ई-इनव्हॉइस वेगळं. ते १ ऑक्टोबर २०२० ला ५०० कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांसाठी सुरू झालं आणि उतरत उतरत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर असलेल्यांपर्यंत आलं. म्हणजे एमआयडीसीतली कितीतरी छोटी युनिटही त्यात आली. इथे बिलाचा तपशील पोर्टलला पाठवायचा, आयआरएन नंबर आणि क्यूआर कोड परत घ्यायचा, साठवायचा, बिलावर छापायचा. रद्द करायचं तर तेही वेगळं काम. हे सगळे नवे पॉइंट आहेत, त्याचे पैसे द्यावेच लागतात. "सरकारने सांगितलंय, तुम्हीच करून द्या" हे चालणार नाही.

माप कुठे चालत नाही?

जुन्या वह्यांमधला डेटा भरणं, कामगारांना शिकवणं, रंग-फॉन्ट बदलणं, वेग वाढवणं, हे पॉइंटमध्ये येत नाही. त्याचा दर दिवसावर वेगळा लिहा. आणि ठरलेलं काम चालतच नसेल, तर तो बदल नाही, ती चूक आहे. ती फुकटच दुरुस्त झाली पाहिजे.

आता तुम्ही काय करायचं?

१. ठरलेल्या कामांची यादी करा, प्रत्येकाला नंबर आणि पॉइंट द्या, दोघांनी सही करा.
२. प्रति पॉइंट दर आधीच लिहा.
३. प्रत्येक बदलाला तीन आकडे लिहा: नवं, बदललेलं, काढलेलं. मालकाने व्हॉट्सॲपवर "ओके" दिल्याशिवाय काम सुरू करू नका.
४. महिन्याच्या शेवटी यादी अपडेट करा. पुढचा बदल त्या नव्या यादीवरून मोजायचा.

कॉस्मिकचं मॅन्युअल इंटरनेटवर मोफत मिळतं. पण त्याची वाट बघू नका. तुमच्याकडे आत्ता जे सॉफ्टवेअर चालू आहे, त्यातलं एक काम घ्या, कागदावर चार रकाने आखा: आत, बाहेर, वाचलं, साठवलं. मोजा, आणि आकडा मला कमेंटमध्ये कळवा. अडलं तर विचारा, पुढच्या व्हिडिओत सोडवू.

व्यवहार चोख, तर नातं पक्कं. भेटू पुढच्या भागात!