जॉब कुणासाठी?

आयटीआयच्या मुलांना शिकण्यात रसच नसतो, असं छातीठोकपणे सांगणारी मंडळी मला दर परिसंवादात भेटतात. त्यांतल्या बहुतेकांनी हातात कानस धरलेली नसते. मुलं कंटाळतात हे खरं. पण कशाला कंटाळतात, हे विचारायला कुणी थांबत नाही.

१९५० ची कारागीर प्रशिक्षण योजना, १९६१ चा शिकाऊ उमेदवारी कायदा, मग बारावीला जोडलेले किमान कौशल्याचे अभ्यासक्रम हा सरकारी इतिहास वाचकांना ठाऊक आहे. २०१३ साली सत्र पद्धत आली आणि २०१८ मध्ये पुन्हा वार्षिक झाली. या येरझाऱ्यांत वर्कशॉपमधलं शिकवणं तसूभरही हललं नाही, म्हणून त्यांवर शाई खर्च करत नाही.

आम्ही निदेशक घडलो ते चार पायऱ्यांच्या पद्धतीवर: मुलाला तयार करा, करून दाखवा, त्याला करू द्या, तपासा. चार्ल्स ॲलन या अमेरिकन गृहस्थाने पहिल्या महायुद्धात जहाजबांधणीचे कामगार शिकवताना ती वापरली आणि १९१९ साली पुस्तकात मांडली. दुसऱ्या महायुद्धात तिकडच्या कारखान्यांनी ती पुन्हा उचलली. पद्धत चोख आहे. ती ढिली पडते चौथ्या पायरीवर, कारण तपासणी आम्ही आमच्याच हातात ठेवतो.

फिटरच्या पहिल्या काही आठवड्यांतली गोष्ट घ्या. माइल्ड स्टीलचा तुकडा घासून सपाट आणि काटकोनात आणायचा असतो. पोरगा जॉब पुढे करतो, "सर, झाला का बघा." इथे "मध्ये उंच राहिलाय" असं सांगून मोकळा होणारा निदेशक त्याचं नुकसान करतो. गुण्या त्याच्या हातात द्यावा आणि खिडकीकडे बोट दाखवावं. पातं जॉबवर टेकवून तो उजेडाकडे धरतो. मधोमध काळोख आणि दोन्ही कडांना उजेडाची बारीक रेघ. म्हणजे कानस झोके खातेय. सुरुवातीला दाब पुढच्या हाताचा जास्त, मध्यावर दोन्ही हातांचा सारखा आणि शेवटाला मुठीकडचा, हे त्याला पहिल्याच दिवशी सांगितलेलं असतं, त्याने वहीत उतरवूनही घेतलेलं असतं. ते कळतं मात्र ती रेघ दिसल्यावर. मग तो पुन्हा व्हाइसकडे जातो आणि जेवणाची सुट्टी झाली तरी हलत नाही. रस नसलेला मुलगा तो हाच.

तरीही एक अडचण उरतेच. इतका जीव ओतून केलेला जॉब शेवटी भंगारात जातो आणि मुलांना ते पहिल्या दिवसापासून माहीत असतं. त्यावरचा इलाज मी पाबळला पाहिला. डॉ. श्रीनाथ कालबाग हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रातली नोकरी सोडून पुणे जिल्ह्यातल्या या दुष्काळी गावात आले आणि १९८३ साली त्यांनी विज्ञान आश्रम उभा केला. शाळांसाठी त्यांनी आखलेल्या कार्यक्रमात आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस हातांनी काम करतात. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य आणि शेती-पशुपालन हे चारही विभाग सगळ्यांना. मुली वेल्डिंग करतात, मुलगे चिक्की करतात. मुख्य म्हणजे केलेल्या कामाला गावात गिऱ्हाईक असतं आणि कामाचे पैसे घेतले जातात. एमआयटीच्या बाहेरची पहिली फॅब लॅब २००२ साली याच पाबळात सुरू झाली. पाहुण्यांना तिचं कौतुक जास्त; मला विचाराल तर तिथली खरी यंत्रसामग्री म्हणजे तक्रार घेऊन येणारा गावकरी.

तो मंत्र घेऊन मी तालुक्याच्या गावी मुलांकडून फवारणीचे पंप दुरुस्त करून घेऊ लागलो. शेतकरी दारात आला की मुलगा आधी ऐकून घ्यायचा, मग पंप खोलायचा. "काका, वायसर गेलाय. नोझलही चोंदलंय. गाळून पाणी भरत जा." इतकी वाक्यं त्या पोराने वर्गात महिनाभरात उच्चारलेली नसायची. एम्प्लॉयेबिलिटी स्किल्सच्या तासाला जे संभाषण कौशल्य फळ्यावर लिहून देतात, ते हेच ना? वरिष्ठांनी मात्र लेखी विचारणा केली: सरकारी हत्यारं खासगी कामाला का? पंप बंद झाले.

आमच्यातल्याच काही विद्वानांना हे मुलांना राबवून घेणं वाटतं. वर्ध्याला १९३७ साली नई तालीमची मांडणी झाली, तेव्हाही मुलांच्या श्रमावर शाळा चालवायची का, असा आक्षेप निघालाच होता. विचारण्याजोगा प्रश्न आहे, म्हणून हिशोब मुलांनीच ठेवावा आणि पैसेही त्यांच्यातच वाटावेत. पण तो आक्षेप घेणारेच कारखान्यात वर्षभर नुसती पेटी उचलणाऱ्या शिकाऊ उमेदवाराबद्दल चकार शब्द काढत नाहीत. २०१६ पासूनच्या दुहेरी पद्धतीत मुलगा काही काळ कारखान्यात शिकतो. चाकण-वाळूजजवळ ते जमतं. मोखाड्याच्या मुलाला चाकण कुठून आणून द्यायचं? त्याच्याजवळ पंप आहेत, पिठाची गिरणी आहे, शाळेचे मोडके बाक आहेत.

आता थिअरीची परीक्षा संगणकावर होते. कानशीवर दाब कुठे द्यायचा, याला चार पर्याय असतात. वेल्डिंगचे सिम्युलेटरही आले. सुरुवातीला आर्कचं अंतर राखायची सवय लागायला ते बरे आहेत, इलेक्ट्रोडही वाचतात. पण पुढेही तिथेच बसवून ठेवलेला मुलगा खऱ्या ठिणग्यांपुढे दचकतो.

आणि शिकवायला आहे कोण? कायम निदेशकांच्या जागा रिकाम्या ठेवायच्या आणि तासिका तत्त्वावर माणसं घ्यायची. नेमलेल्या तासांपुरता पैसा मिळणाऱ्या त्या तरुणाने संध्याकाळी आलेल्या शेतकऱ्याच्या पंपासाठी थांबावं, अशी अपेक्षा कुठल्या तोंडाने करायची? पाबळचं काम आयटीआयत का रुजलं नाही, याची कारणं अध्यापनशास्त्रात शोधणाऱ्यांनी आधी त्याची मानधनाची पावती मागून बघावी.