वळचणीचं शास्त्र

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर एक लिटर पाणी. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. म्हणजे शंभर चौरस मीटरच्या छपरावर एका पावसाळ्यात तीन लाख लिटरहून जास्त पाणी कोसळतं. दहा हजार लिटरचे तीस टँकर. 26 जुलै 2005 ला मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा तेवढ्याच आकाराच्या गच्चीवर एका दिवसात 94 हजार लिटर पाणी पडलं होतं. हे पाणी घराबाहेर ठेवण्याचं काम छप्पर, भिंती, खिडक्या आणि जोतं मिळून करतात. त्या सगळ्यांना एकत्र घराचं कवच म्हणू या.

कवचाला इतरही कामं असतात. स्वतःचं वजन पेलायचं, वाऱ्याचा दाब आणि ओढ सोसायची, भूकंपात हादरे खायचे, उन्हाने फुगायचं आणि थंडीने आकसायचं. वजन आणि वाऱ्यासारख्या भारांचे नियम भारतीय मानक 875 मध्ये, भूकंपाचे 1893 मध्ये आहेत आणि इंजिनिअर मंडळी ते पाळतात. हवेतल्या बाष्पाचाही एक विषय आहे. थंड देशांत घरातलं बाष्प भिंतीत शिरून गार थराला भिडतं आणि त्याचं पाणी होतं. आपल्याकडे एसी लावलेल्या खोलीत हाच प्रवास उलट, बाहेरून आत होतो. हे सगळं महत्त्वाचं आहे. पण इमारती बिघडवणारा पहिल्या नंबरचा शत्रू पाऊस, आणि त्याच्याविरुद्धचं सगळ्यात स्वस्त, सगळ्यात टिकाऊ आणि आज सगळ्यात दुर्लक्षित हत्यार म्हणजे वळचण, भिंतीपुढे आलेली छपराची कड. गेली अनेक वर्षं मी कुठल्याही घरासमोर उभा राहिलो की आधी तिच्याकडेच बघतो.

कोकणातलं जुनं चौपाखी घर आठवा. छप्पर चारही बाजूंनी खाली येतं, भिंतीच्या बरंच पुढे येऊन थांबतं आणि पडवीत शिरायचं तर उंच माणसाला वाकावं लागतं. हे वाकणं काही गरिबीमुळे आलेलं नाही, त्यामागे चोख गणित आहे. दोन मिलिमीटरचा पावसाचा थेंब सेकंदाला साधारण साडेसहा मीटर वेगाने खाली येतो. वाराही तेवढाच, म्हणजे ताशी 23 किलोमीटरचा असला, तर थेंब 45 अंशांत तिरपा पडतो. अशा पावसात एक मीटर पुढे आलेलं छप्पर आपल्या खालची फक्त एक मीटर भिंत कोरडी ठेवतं. बारीक थेंब तर याहून आडवे येतात. त्यालाच आपण झड म्हणतो. म्हणून कोकणी माणसाने छप्पर नुसतं पुढे नेलं नाही, ते खालीही उतरवलं. भिंतीचा उघडा भागच कमी केला, आणि जो उरला त्याला पावसाळ्यापुरते नारळाच्या झावळ्यांचे झाप बांधले.

खालची भिंत जांभ्याच्या चिऱ्यांची. जांभा खाणीतून निघतो तेव्हा कुऱ्हाडीने तासता येईल इतका मऊ असतो. हवा लागली की कठीण होतो. तो सच्छिद्र आहे, पाणी पितो. दीड फूट जाडीची भिंत झडीचं थोडं पाणी पिते आणि उघडीप मिळाली की सोडून देते. तिला पाणी अडवायचं नसतं, थोडा वेळ सांभाळायचं असतं. वळचण असेल तर प्यावं लागणारं पाणी थोडं असतं आणि हा व्यवहार शंभर वर्षं सुरळीत चालतो.

वळचण नसेल तर काय होतं हे बघायचं असेल तर जुन्या गोव्याला जा. बॉम जेझू चर्चचा तांबूस जांभ्याचा उघडा दर्शनी भाग पर्यटकांना फार आवडतो. पण 1605 मध्ये या चर्चचा पवित्रीकरण-सोहळा झाला तेव्हा त्याच्या भिंतींवर गिलावा होता. तो 1950 च्या सुमारास, पोर्तुगीज राजवटीतच, जुना दगड दिसावा म्हणून उतरवण्यात आला. तेव्हापासून कित्येक मजले उंचीची भिंत कुठल्याही आडोशाशिवाय गोव्याचा पावसाळा अंगावर घेते आहे. मी तिथे जातो तेव्हा लोक कोरीवकामाचे फोटो काढत असतात आणि मी झिजलेल्या चिऱ्यांच्या कडा बघत फिरतो. चुन्याचा गिलावा दगडाऐवजी स्वतः झिजतो. काही वर्षांनी तो नवा करता येतो, चिरा नवा करता येत नाही. चर्चला पुन्हा गिलावा करावा, असं म्हणणारे वास्तुविशारद गोव्यात आहेत. माझं मत त्यांच्या बाजूने आहे, मग फोटो कसेही येवोत.

आता कौलांकडे. मंगळूरला 1865 मध्ये बासल मिशनच्या गेओर्ग प्लेब्स्ट यांनी कौलांचा कारखाना काढला आणि खाचाखोबणीने एकमेकांत बसणारं मंगलोरी कौल पश्चिम किनाऱ्यावर सगळीकडे पसरलं. त्याआधीची नळीची कौलं नुसती एकावर एक पालथी-उताणी ठेवलेली असत. मंगलोरी कौलाला खाली नाक असतं, ते रिपेत अडकतं. कडेच्या खोबणीत आत शिरलेलं पाणी वाहून पुन्हा खालच्या कौलावर पडतं. थोडं पाणी आत येणार हे धरूनच ते कौल घडवलेलं आहे, आणि मला त्यातलं हेच सगळ्यात आवडतं. कौल जलरोधक नसतं. ते भिजतं, खालून वारा खेळतो, ते वाळतं. पावसाआधी शाकारणीला येणारे जुने जाणते गडी दुपारी माळ्यावर चढून अंधारात बसत आणि कवडसे शोधत. जिथे कवडसा, तिथे कौल सरकलेलं. गुहागरकडच्या एका घरात मी त्यांच्यासोबत असा बसलो आहे. गळती शोधायची याहून सोपी आणि बिनखर्चाची युक्ती मला आजवर भेटलेली नाही.

वळचणीला एक किंमत मात्र मोजावी लागते, ती वाऱ्याची. वारा भिंतीला धडकून वर चढतो आणि वळचणीला खालून ढकलतो. त्याच वेळी छपरावरून जाणारा वारा तिला वरून ओढतो. ताशी 110 किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे 57 किलो भरतो, आणि कडांना व आढ्याजवळ ओढ त्याहूनही जास्त असते. मंगलोरी कौलांचं वजन त्याच क्षेत्रात चाळीस किलोच्या आसपास. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुडकडच्या घरांवर हेच गणित उतरलं. तरी कौलांच्या फटींतून हवा जाते, त्यामुळे आतला-बाहेरचा दाब थोडाफार जुळतो, आणि कौलं उडाली तरी बऱ्याचदा वासे जागेवर राहतात. पत्रा मात्र अखंड असतो. त्याचा एक हूक सुटला की पुढच्यावर ताण येतो आणि पत्राच पाखरासारखा उडून शेजाऱ्याच्या अंगणात पडतो. उपाय वळचण छाटणं हा नव्हे. वळचणीच्या शेवटच्या दोन ओळींची कौलं तारेने रिपेला बांधावीत, रीप वाशाला आणि वासा भिंतीला पट्टीने जखडावा. खर्च किरकोळ आहे.

कॅनडातल्या व्हँकुव्हरला वळचणीचा धडा फार महागात पडला. 1980 आणि 90 च्या दशकांत तिथे लाकडी सांगाड्याच्या, बाहेरून सिमेंटी गिलाव्याच्या हजारो सदनिका उभ्या राहिल्या. दिसायला कॅलिफोर्नियासारख्या, आखूड छपरांच्या, सपाट भिंतींच्या. व्हँकुव्हरचा पाऊस मात्र कॅलिफोर्नियाचा नव्हता. बारीक फटींतून शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाटच नव्हती; आतलं लाकूड कुजलं, कुटुंबं कर्जात बुडाली आणि 1998 मध्ये प्रांताचे माजी मुख्यमंत्री डेव्ह बॅरेट यांचा चौकशी आयोग नेमावा लागला. त्या काळात झालेल्या पाहणीतली एक गोष्ट मी भेटेल त्याला सांगतो: छप्पर भिंतीच्या जितकं जास्त पुढे, तितक्या त्याखालच्या बिघडलेल्या भिंती कमी. त्यानंतर तिथल्या अभियंत्यांनी कामाचा क्रमच लावून दिला. आधी पाणी भिंतीवर येऊच द्यायचं नाही, आलं तर त्याला उतार द्यायचा, राहिलं तर वाळू द्यायचं, आणि सामान असं वापरायचं की तेवढ्याने ते खराब होणार नाही.

आता माझा खास लाडका विषय: ड्रिप मोल्ड. छज्ज्याच्या किंवा गॅलरीच्या स्लॅबच्या कडेला, खालच्या बाजूने, कडेपासून इंचभर आत साधारण 12 मिलिमीटर रुंदीची आणि तितक्याच खोलीची एक चर असते. पुष्कळांनी आपल्याच घराला ती कधी पाहिलेली नसते. पाणी छज्ज्याच्या कडेवरून सरळ खाली पडत नाही. ते काँक्रीटला चिकटतं, कडेवरून वळतं आणि तळाच्या बाजूने उलटं चालत भिंतीपर्यंत पोहोचतं. वाटेत चर आली की ते पुढे जाऊ शकत नाही. थेंब जड होतो आणि पडतो. बस्स, एवढंच. दोन फुटी छज्जा या चरीशिवाय निम्मा वाया जातो, आणि चर असलेला एक फुटीही कामाचा ठरतो. ती भिंतीपर्यंत नेऊन टेकवायची नसते, नाहीतर तीच पाण्याची पन्हळ होऊन त्याला भिंतीत नेऊन सोडते. अंबरनाथच्या 1060 सालच्या शिवमंदिराच्या भिंतींवर एकाखाली एक आडवे थर पुढे आलेले दिसतात. शिल्पकार सौंदर्याचा विचार करत होते हे खरंच, पण पावसात तिथे उभं राहिलं की प्रत्येक थराच्या ओठावरून पाणी सुटताना दिसतं.

पाणी आत शिरण्याची दुसरी जागा सरकत्या खिडक्यांची. वारा काचेवर दाब देतो तेव्हा खालच्या ट्रॅकमधलं पाणीही आत ढकलतो. ताशी 46 किलोमीटरचा वारा एक सेंटीमीटर उंचीचं पाणी तोलून धरू शकतो. 65 चा वारा दोन सेंटीमीटर. ट्रॅकची आतली कड याहून बुटकी असली की पाणी खोलीत येणार, तुम्ही कितीही सीलंट भरा. बाहेरच्या बाजूला पाणी जाण्यासाठी भोकं ठेवलेली असतात, ती धुळीने बुजतात किंवा कारागीर ती सीलंटने बंद करून टाकतो. भिंतीच्या केसाएवढ्या भेगांचंही असंच. पाच मिलिमीटरच्या फटीत पाणी जेमतेम तीन मिलिमीटर चढतं. एक दशांश मिलिमीटरच्या भेगेत ते पंधरा सेंटीमीटर चढू शकतं. मोठी फट आपण बुजवतो, बारीक भेग डोळ्यांना दिसत नाही आणि तीच पाणी ओढत राहते. ते आतल्या सळईपर्यंत पोहोचलं की सळई गंजते, गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो आणि काँक्रीट फुटून पडतं. ओल आणि भार हे दोन वेगळे विषय राहत नाहीत ते इथे.

उंच इमारतीला वळचण कशी देणार, असा प्रश्न येतो. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी त्याचं उत्तर मुंबईत पेडर रोडजवळच्या कांचनजंगामध्ये दिलं. 1983 मध्ये ती 28 मजली इमारत पूर्ण झाली. मुंबईत समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो, आणि कडक ऊन व पाऊसही तिकडूनच. जुने बंगले त्यावर भोवती व्हरांडा घेत. कोरियांनी तोच व्हरांडा दोन मजले उंच करून इमारतीच्या कोपऱ्यांत खोल कोरला. खोल्या मागे सरकल्या, झड बाहेर राहिली, वारा आत आला. रस्त्यावरून तिच्याकडे बघताना मला दर वेळी कोकणातली पडवी आठवते. नंतर मुंबईने काय केलं? गॅलऱ्या खोल्यांत घेतल्या, छज्जे काढले, काचा भिंतीच्या पातळीवर आणून बसवल्या. चटई क्षेत्राचे चार चौरस फूट मिळाले आणि त्यांच्या बदल्यात दर पावसाळ्यात ओली होणारी भिंत.

आणि मग गळती लागली की रसायनं येतात. एका गृहनिर्माण संस्थेत रंगकामाच्या आधी सगळ्या छज्ज्यांच्या खालची बाजू छान गुळगुळीत करण्यात आली. सगळ्या चरी पुट्टीने भरल्या गेल्या. वर जलरोधक म्हणून विकला जाणारा, पाच वर्षांच्या हमीचा रंग. पुढच्याच पावसाळ्यात छज्ज्यांखाली काळे ओघळ उतरले आणि आतल्या भिंतींना पोपडे आले. जुन्या चुन्याच्या किंवा मातीच्या भिंतीला प्लास्टिक रंगाने गुंडाळणं तर त्याहून वाईट. आतली ओल बाहेर पडेनाशी होते, क्षार पृष्ठभागाशी साठतात, लोणा लागतो आणि भिंतीचा पृष्ठभाग भुसभुशीत होऊन झडतो. रसायनांना माझा विरोध नाही. गच्चीवर, न्हाणीघरात, तळघरात त्यांच्यावाचून चालत नाही. पण उभ्या भिंतीच्या बाबतीत पहिला पैसा छज्ज्यावर जावा, दुसरा खिडकीच्या उतारावर, आणि उरला तर रंगावर.

दिवाळीत पाऊस ओसरलेला असतो आणि भिंतींवर ओघळांच्या खुणा ताज्या असतात. तपासणीला याहून चांगला काळ नाही. खाली उभं राहून वर बघा: ओघळ कुठून सुरू होतो, छज्ज्याखाली चर आहे का, ती भरलेली तर नाही, खिडकीची भोकं उघडी आहेत का, गच्ची आणि कठड्याच्या सांध्यातला गोलसर वाटा फुटला आहे का. आणि संस्थेच्या पुढच्या रंगकामाच्या अंदाजपत्रकात एक ओळ आग्रहाने लिहून घ्या: सर्व छज्ज्यांचे ड्रिप मोल्ड साफ करून उघडे ठेवणे, नसतील तेथे नवीन करणे.