शस्त्रक्रियेनंतर दुखणे लपवू नका!

आमच्या वस्तीतील एका भगिनीची गर्भाशयाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. घरी आल्यावर अंगावरून घाण वासाचे पाणी जाऊ लागले. लाजेपायी तिने ते तीन दिवस लपविले. ताप चढला तेव्हा सुनेने ओळखले. आम्ही तिला तातडीने रुग्णालयात नेले. ती वाचली, पण पुढची केमोथेरपी लांबली.

शस्त्रक्रियेनंतर साधारण ३० दिवस जखमेत जंतुसंसर्ग होण्याचा धोका असतो. मधुमेह, रक्तक्षय, लठ्ठपणा आणि तंबाखू यांनी तो वाढतो. मिश्री हीसुद्धा तंबाखूच, हे ध्यानात ठेवावे.

काही दिवस थोडा लालसर स्राव जातो. पण त्याला दुर्गंधी, १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप, जखमेतून पू, लघवीला जळजळ, वाढती पोटदुखी यांपैकी एकही लक्षण दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. जांघेतील गाठी काढल्या असल्यास पाय सुजून लाल होतो का, तेही पाहावे. जखमेला हात साबणाने धुऊनच लावावा. हळद, राख लावू नये. अँटिबायोटिक गोळ्या अर्ध्यावर सोडू नयेत.

भगिनींनो, आजारात लाज कसली? आणि बंधूंनो, तिने सांगण्याची वाट पाहू नका; आपणच विचारा!