रोपाआधीचे झाड : तुलसी गौडा यांचे बीजशास्त्र

उत्तर कन्नड जिल्ह्यातील होन्नळ्ळी या गावी १६ डिसेंबर २०२४ रोजी तुलसी गौडा यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्यावरील बहुतेक मृत्युलेखांचा भर त्यांनी लावलेल्या झाडांच्या संख्येवर होता. ही संख्या कोणी तीस हजार दिली, तर कोणी एक लाख. इतकी तफावत असलेले आकडे मोजून काढलेले नसतात हे उघड आहे. ते मोजले गेले असते तरी या कामाचे मोल त्यांतून कळले नसते, कारण खड्डा खणून रोप लावणे हा त्या कामाचा शेवटचा आणि सर्वांत सोपा भाग होता. कोणत्या झाडाचे बी घ्यावे, ते कधी घ्यावे आणि किती दिवसांत पेरावे हा अवघड भाग रोपाच्या आधी येतो, आणि शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंचे प्रभुत्व नेमके त्यावर होते.

अंकोला तालुक्यातील हालक्की वक्कलिग या आदिवासी समाजात त्यांचा जन्म झाला. लहानपणीच वडील गेल्यामुळे त्या आईबरोबर वनखात्याच्या रोपवाटिकेत मजुरीला जाऊ लागल्या, सुमारे ३५ वर्षे रोजंदारीवर राबल्या आणि नंतर कायम नोकरीत घेतल्या जाऊन वयाच्या सत्तरीपर्यंत तेथेच राहिल्या. १९८६ मध्ये त्यांना इंदिरा प्रियदर्शिनी वृक्षमित्र पुरस्कार मिळाला, २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली आणि राष्ट्रपती भवनात अनवाणी पावलांनी ती स्वीकारतानाचे त्यांचे छायाचित्र देशभर पोहोचले. त्यांना ‘जंगलाचा ज्ञानकोश’ म्हटले गेले, ‘वृक्षदेवी’ही म्हटले गेले. यांतील दुसरे विशेषण गौरवाचे असले तरी ते अन्यायाचेही आहे, कारण जे निरीक्षणातून कमावले ते दैवी ठरवले की त्यामागची पद्धत तपासण्याची गरजच कोणाला वाटत नाही.

ही पद्धत वनशास्त्राला अपरिचित नाही. येल्लप्पा रेड्डी यांच्यासारख्या वनाधिकाऱ्यांनी तुलसी गौडा यांच्या ज्ञानाची जाहीर साक्ष दिली, आणि त्यांच्याविषयीच्या लेखनात एक गोष्ट सतत आढळते : जंगलातील प्रत्येक जातीचे मातृवृक्ष त्या ओळखत. मातृवृक्ष म्हणजे बी घेण्यासाठी निवडलेले झाड. ते मध्यम वयाचे, निरोगी, भरपूर फळणारे आणि आपल्या जातीच्या स्वभावानुसार वाढलेले असावे लागते; इमारती लाकडाची जात असेल तर सरळसोट बुंध्याचे. शिवाय ते स्वजातीयांच्या सोबतीत उभे असावे लागते, कारण एकट्या पडलेल्या झाडाच्या फुलांना दुसऱ्या झाडाचे पराग मिळत नाहीत, स्वतःच्याच परागांवर बी धरते आणि अशा बीजाची रोपे पुष्कळदा खुरटी निघतात. जवळच्या नात्यातील संकरामुळे येणाऱ्या या दुबळेपणाला अंतःप्रजनन-ऱ्हास म्हणतात. बी गोळा करणाऱ्या मजुराचा कल मात्र नेमका उलट असतो : चढायला सोपे झाड बहुधा बुटके, वाकडे आणि खालूनच फाटे फुटलेले असते, आणि पोत्यात जमा होते ते त्याचेच बी.

मराठवाड्यातील वाचकाला हे तत्त्व परके वाटू नये. संकरित बियाण्याच्या पिशव्या येण्यापूर्वी ज्वारीची मळणी सुरू होण्याआधी घरातील जाणती बाई भरदार, किडीविना आणि टपोऱ्या दाण्यांची कणसे बाजूला काढी आणि पुढच्या पेरणीचे बी त्यांतूनच येई. परंतु ज्वारीची निवड चुकली तर ती पुढच्याच हंगामात कळते आणि सुधारता येते. झाडाच्या बाबतीत चूक उघड व्हायला वीस-तीस वर्षे जातात, आणि तोवर बी निवडणारा माणूस, बहुधा, निवृत्त झालेला असतो. त्यामुळे मातृवृक्षाची पारख एखाद्या हंगामाच्या अनुभवातून येत नाही. जुन्या लागवडी वाढताना पाहणारी, एकाच जंगलात आयुष्य काढलेली व्यक्तीच ती मिळवू शकते. फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फिलिप आंद्रे द व्हिलमोरँ यांनी निरनिराळ्या प्रदेशांतून आणलेल्या पाइनच्या बियांपासून वाढवलेली झाडे शेजारीशेजारी लावून त्यांच्या वाढीतील फरक पाहिला, आणि एकाच जातीतही बीजाचे मूळ ठिकाण महत्त्वाचे असते हे ध्यानात आणून दिले. त्यांच्याजवळ स्वतःची जमीन आणि वहीखाते होते. तुलसी गौडा यांच्याजवळ स्मरणशक्ती होती.

येथे एक गफलत टाळली पाहिजे. सुझान सिमार्ड या कॅनेडियन संशोधिकेच्या लेखनामुळे ‘मातृवृक्ष’ ही कल्पना अलीकडे वेगळ्याच अर्थाने लोकप्रिय झाली असून, मोठी झाडे मुळांवरील बुरशीच्या जाळ्यातून आपल्या पिलांना अन्न पुरवतात, असे चित्र त्यातून रूढ झाले. दोन जातींच्या रोपांमध्ये कार्बनची देवघेव होते हे सिमार्ड आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवले होते. परंतु त्यावर रचलेल्या मोठ्या दाव्यांना प्रत्यक्ष जंगलातील पुरावा तोकडा असल्याचे जस्टीन कार्स्ट आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये साधार मांडले. तुलसी गौडा यांची महती सांगताना ही दोन्ही प्रकरणे एकत्र कालवण्याचे कारण नाही, कारण बीजवृक्षाची निवड हे वादातीत, रोजच्या वापरातील वनशास्त्र आहे.

बी निवडल्यावर प्रश्न येतो वेळेचा. ब्रिटिश शास्त्रज्ञ ई. एच. रॉबर्ट्स यांनी १९७३ मध्ये बियांचे दोन गट केले. बाभूळ, खैर यांसारख्यांचे बी वाळवून वर्षानुवर्षे ठेवता येते. आंबा, फणस, जांभूळ यांचे बी ओलसर असतानाच गळते आणि वाळवले की मरते, म्हणून ते ताजेच पेरावे लागते. पश्चिम घाटाच्या सदाहरित जंगलात दुसऱ्या गटातील जाती भरपूर आहेत. सागाचे बी टणक कवचात असते आणि ते उगवावे म्हणून रोपवाटिकेत आलटूनपालटून भिजवतात आणि उन्हात वाळवतात. प्रत्येक जात कधी फुलते, फळ कधी पिकते, बी कधी गळते या नोंदींच्या अभ्यासाला फिनॉलॉजी म्हणतात, आणि रोपवाटिकेचे सारे वर्ष तिच्यावर चालते. विद्यापीठात हे ज्ञान कोष्टकांत राहते. होन्नळ्ळीत ते एका बाईच्या डोक्यात होते.

उत्तर कन्नड १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, आणि वनाधिकारी डब्ल्यू. ए. टॅल्बट यांनी तेथील जंगलांत काम करून १९०९ ते १९११ दरम्यान मुंबई इलाख्यातील वनवृक्षांवर द्विखंडी ग्रंथ प्रसिद्ध केला. तो ग्रंथ आजही प्रमाण मानला जातो, आणि तसा तो आहेही. पण बी वेचणाऱ्या, वाफे करणाऱ्या मजुरांची नावे अशा ग्रंथांत येत नाहीत. तुलसी गौडा यांचे नाव आपल्यापर्यंत आले हा अपवाद होय, आणि तो पुरस्कारामुळे घडला.

महाराष्ट्राने २०१६ मध्ये दोन कोटी, २०१७ मध्ये चार कोटी, २०१८ मध्ये तेरा कोटी आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटी रोपांचे लक्ष्य ठेवले. या आकड्यांवर चर्चा झाली ती रोपे जगली की मेली एवढ्यापुरती. ती कोणत्या झाडाची लेकरे होती, हे क्वचितच विचारले गेले. मराठा आरक्षणाच्या आंदोलनामुळे राज्यभर नाव पोहोचलेले अंतरवाली सराटी हे गाव ज्या अंबड तालुक्यात आहे तेथे पाऊस अंकोल्याच्या पाव हिश्श्याच्या आसपास पडतो आणि जालना जिल्ह्याचे वनाच्छादन राज्यात अगदी कमी आहे, म्हणजे येथे चुकीचे बी परवडणारे नाही. पारख मात्र येथेही आहे. खराट्यासारखी उभी वाढणारी आणि पिकावर सावली कमी धरणारी रामकाठी बाभूळ शेतकरी बांधावर मुद्दाम राखतात, आणि शेळ्यांनी शेंगा खाल्ल्यावर लेंड्यांतून पडलेले बाभळीचे बी लवकर रुजते हे शेळ्या राखणाऱ्या बायकांना ठाऊक असते, कारण पोटातल्या प्रवासात बियांचे टणक कवच मऊ पडते. कडूनिंबाची निंबोळी जून-जुलैत पिकून पडते आणि तिचे बी साधारणपणे काही आठवड्यांतच उगवणशक्ती गमावते, तेव्हा ते गोळा करून पुढच्या वर्षासाठी ठेवण्यात अर्थ नसतो.

एवढे ज्ञान गावात असताना रोपे दूरच्या, अज्ञात बीजाची आणण्याचे कारण उरत नाही. पुढच्या पावसाळ्याआधी प्रत्येक ग्रामपंचायतीने शिवारातील प्रत्येक देशी जातीची पंचवीस-तीस चांगली, एकमेकांपासून पुरेशी दूर असलेली झाडे जाणत्या माणसांकडून निवडून घ्यावीत, त्यांच्यावर खूण करावी, त्यांचेच बी रोपवाटिकेला द्यावे, आणि निवडणाऱ्या व्यक्तीचे नाव नोंदवहीत झाडाच्या नावाशेजारी लिहावे.