‘जात असतो’चे इंग्रजी

इंदिरानगरातून अंबडच्या कारखान्यांत जाणारा कामगार इंग्रजीत अर्ज लिहू लागला, की ‘आय ॲम गोइंग डेली’ असे वाक्य पुष्कळदा उतरते. त्यास हसणारे बरेच. मुंबईचे कवी निस्सिम इझिकेल यांनी तर या ढंगावर कविताच केल्या. आम्हांस त्यात अडाणीपणा दिसत नाही. मागे मराठीचे व्याकरण उभे आहे. आपला रीतिवर्तमानकाळ म्हणजे ‘मी जात असतो’. हेच ‘जात’ ‘मी जात आहे’ यातही येते. तेव्हा ‘जात’ दिसले की ‘गोइंग’ घालावे, हा हिशेब मराठी माणसास सरळच वाटतो. इंग्रजीत मात्र नित्याच्या गोष्टीस साधा वर्तमान लागतो: ‘आय गो डेली’.

मग पुन्हा पुन्हा घडणाऱ्या क्रियेस तेथे चालू वर्तमान कधीच लागत नाही काय? लागतो. ‘धिस मंथ आय ॲम वर्किंग नाइट्स’ म्हणजे रात्रपाळी तूर्त आहे, पुढे बदलेल. ‘आय वर्क नाइट्स’ म्हणजे तीच रीत. शिवाय ‘ऑल्वेज’ जोडला की बहुधा तक्रारीचा सूर येतो. ‘ही इज ऑल्वेज कमिंग लेट’ यात ‘हा मेहेरबान सदान्‌कदा उशिराच!’ हा वैताग आहे. (मुकादमांस हे वाक्य फार प्रिय.)

हा नुसता शब्दांचा कीस नव्हे. १९४६ च्या स्टँडिंग ऑर्डर्स कायद्याखाली केंद्राने केलेल्या नमुना नियमांत सवयीने उशिरा येणे हे गैरवर्तन धरले होते. एखाद्या दिवसाचा उशीर वेगळा, सवय वेगळी. समजा, रस्ता खोदल्यामुळे आठवडाभर बस अडकते आहे. खुलाशात कामगाराने नुसते ‘आय कम लेट’ लिहिले, तर सवयीची कबुलीच दिल्यासारखे होते. ‘आय ॲम कमिंग लेट धिस वीक’ लिहिले, तर अडचण चार दिवसांची ठरते. ज्या रूपास लोक हसतात, तेच येथे त्याच्या बाजूने साक्ष देते. चौकशी करणारा हजेरीपत्रकही पाहील, हे खरे; पण आपल्याच सहीचा कागद आपल्याविरुद्ध का द्यावा?

खुलासा मराठीत चालत असेल तर मराठीतच द्यावा. तेथेही ‘मी उशिरा येतो’ असे न लिहिता ‘या आठवड्यात मला उशीर होत आहे’ असे लिहावे, आणि खाली रस्त्याचे नाव व तारखा घालाव्यात.