मनोविकारांची प्राणी-प्रतिरूपे आणि मेंदूतील दाहाचे प्रतिमांकन : टीएसपीओ निदर्शकाची चिकित्सा

प्रस्तावना :
नैराश्य, छिन्नमनस्कता यांसारख्या मनोविकारांच्या मुळाशी काही रुग्णांत मेंदूतील दाह असावा, हा विचार गेल्या काही दशकांत बळावला आहे. शरीराच्या इतर भागांतील दाह सूज, लाली, उष्णता व वेदना यांवरून ओळखता येतो. कवटीत बंदिस्त असलेल्या मेंदूचा सौम्य दाह मात्र असा प्रकट होत नाही. जिवंत रुग्णाच्या मेंदूतील ऊतींचा नमुना घेणेही सहसा शक्य नसते. त्यामुळे प्रतिमांकनातून मिळणाऱ्या निदर्शकांना महत्त्व प्राप्त झाले. या निदर्शकांची पारख बव्हंशी उंदरांवर झालेली असल्याने, तेथील संकेताचा अर्थ मानवी मेंदूला कितपत लागू पडतो, हे तपासणे अगत्याचे ठरते.

निदर्शकाचे स्वरूप :
मायक्रोग्लिया या मेंदूतील रोगप्रतिकारक पेशी होत. त्यांच्या तंतुकणिकांच्या बाह्य पटलावर टीएसपीओ हे १८ किलोडाल्टन वजनाचे प्रथिन असते. १९७७ मध्ये ते मेंदूबाहेरील ऊतींत डायझेपामशी बद्ध होणारे स्थान म्हणून आढळले. सध्याचे नाव त्याला २००६ मध्ये मिळाले. उंदरांत मायक्रोग्लिया उद्दीपित झाल्या की हे प्रथिन वाढते. त्याच्याशी बद्ध होणारे किरणोत्सारी द्रव्य, उदाहरणार्थ कार्बन-११ युक्त पीके-१११९५, अत्यल्प मात्रेत शिरेतून दिले जाते व पेट स्कॅनद्वारे त्याचे मेंदूतील वितरण मोजले जाते.

प्राणी-प्रतिरूपांचे योगदान व मर्यादा :
प्रयोगशाळेत दाह विविध प्रकारे निर्माण केला जातो. जिवाणूंच्या आवरणातील लायपोपॉलीसॅकराइड टोचणे, गर्भवती मादीला विषाणूसंसर्गाचा आभास निर्माण करणारे पॉली-आयसी देऊन पिलांची वाढ अभ्यासणे, किंवा आक्रमक उंदराकडून वारंवार पराभव घडवून दीर्घ ताण देणे, या त्यांतील प्रमुख पद्धती होत. प्रतिमा घेतल्यानंतर त्याच प्राण्याच्या मेंदूचे छेद सूक्ष्मदर्शकाखाली तपासता येतात, हा प्राणी-प्रतिरूपांचा मोठा लाभ आहे. तथापि उंदराच्या मेंदूचे वजन जेमतेम अर्धा ग्रॅम असते. सुमारे एक मिलिमीटर भेदनक्षमतेच्या यंत्राला त्यातील लहान केंद्रे स्पष्टपणे वेगळी करता येत नाहीत. भूल दिल्याचा परिणामही मोजमापावर होतो.

निष्कर्षांतील विसंगती :
२०१५ मध्ये टोरांटो येथील अभ्यासात तीव्र नैराश्याच्या २० रुग्णांत व २० निरोगी व्यक्तींत तुलना करण्यात आली. रुग्णांच्या मेंदूच्या काही भागांत टीएसपीओचा संकेत सुमारे ३० टक्क्यांनी अधिक आढळला. याउलट, छिन्नमनस्कतेविषयीच्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात रुग्णांमधील संकेत निरोगी व्यक्तींपेक्षा कमी होता. त्याच वर्षी पॉली-आयसी प्रतिरूपातील उंदरांतही असेच चित्र दिसले. त्यांच्या अग्रमेंदूत दाहकारक सायटोकाइन वाढलेली असूनही टीएसपीओ घटलेले होते. म्हणजेच कमी संकेत हा दाहाच्या अभावाचा पुरावा ठरत नाही.

२०२३ मधील संशोधनाने आणखी मूलभूत भेद दाखविला. उद्दीपित मायक्रोग्लियांत टीएसपीओची निर्मिती वाढविणारा जनुकीय घटक उंदीर व त्यांच्या निकटच्या कृंतकांपुरता मर्यादित आहे. अल्झायमर, मल्टिपल स्क्लेरोसिस इत्यादी विकारांच्या मानवी ऊतींत हा संकेत पेशींच्या उद्दीपनापेक्षा त्यांची घनता दर्शवितो, असे त्यातून दिसले. हा अभ्यास मनोविकारांचा नसला, तरी त्यातील इशारा मनोविकारांनाही लागू पडतो. शिवाय टीएसपीओ तारकापेशी व रक्तवाहिन्यांच्या अस्तरातही असते. आणि २०१२ मध्ये स्पष्ट झाल्याप्रमाणे, एका जनुकीय भेदामुळे नव्या पिढीतील अनेक द्रव्ये वेगवेगळ्या व्यक्तींत कमी-अधिक प्रमाणात बद्ध होतात. हा भेद न तपासल्यास तुलना फसवी ठरते.

समारोप :
या मतभेदांचे परिणाम केवळ प्रयोगशाळेपुरते राहत नाहीत. दाहशामक औषध कोणत्या रुग्णाला द्यावे, याचा निर्णय चुकीच्या निदर्शकावर बेतल्यास गरजू रुग्ण वगळला जाईल आणि गरज नसलेल्याला औषधाचे दुष्परिणाम सोसावे लागतील. उपयुक्त औषधही निष्प्रभ समजून बाजूला पडू शकते. म्हणून टीएसपीओचा संकेत हा दाहाचे थेट मापन न मानता पेशींतील बदलाची एक खूण मानावा. सायटोकाइनचे मापन, ऊतींची तपासणी व वर्तनाचे निरीक्षण यांच्या जोडीनेच त्याचा अर्थ लावावा. उंदरांवरील प्रयोगांचे मोल यामुळे उणावत नाही. त्यांचे निष्कर्ष मानवाला लागू करण्यापूर्वी मानवी ऊतींवर पडताळावे लागतात, एवढेच यातून सिद्ध होते.