हंगामापूर्वीचे पहिले चौदा दिवस
(शालेय फुटबॉलपटूंच्या सुरक्षित सरावाविषयी)

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात फुटबॉलच्या सरावावर लेख कशासाठी, असा प्रश्न आमच्या देणगीदारांना व विश्वस्तांना पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, उष्माघाताने कोसळलेला मुलगा रुग्णालयात पोहोचतो तेव्हा उपचाराचा सर्वांत मोलाचा वेळ मैदानावर आणि रस्त्यात खर्ची पडलेला असतो. तो वेळ वाचविणे शिक्षक, पालक आणि गावकरी यांच्याच हाती आहे.

येलदरी परिसरातील शाळा उन्हाळी सुटीनंतर जूनच्या मध्यास उघडतात आणि शालेय स्पर्धांचे वेध लगेच लागतात. सन २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतात झाली, तिचे काही सामने नवी मुंबईत झाले आणि त्या निमित्ताने राज्यभरातील शाळांत फुटबॉल पोहोचला, ही आनंदाची गोष्ट आहे. तथापि, दीड महिना घरी राहिलेल्या मुलांकडून पहिल्याच आठवड्यात पूर्ण सराव करून घेण्याचा मोह होतो. त्या दिवसांत आपल्याकडे ऊन ओसरलेले नसते आणि हवेत दमटपणा वाढलेला असतो. घाम येतो, पण वाळत नाही. आणि घाम वाळल्याखेरीज शरीर थंड होत नाही.

उष्ण हवेत श्रम करण्याची सवय शरीरास दहा ते चौदा दिवसांत लागते. या काळात रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातून क्षार कमी जातात. ही तयारी होण्यापूर्वी जोराचा सराव केल्यास धडधाकट खेळाडूही संकटात सापडतो. अमेरिकेतील कोरी स्ट्रिंगर हा सत्तावीस वर्षांचा व्यावसायिक खेळाडू हंगामपूर्व शिबिराच्या दुसऱ्याच दिवशी कोसळला आणि १ ऑगस्ट २००१ रोजी उष्माघाताने मरण पावला. त्यानंतर, सन २००३ मध्ये, तेथील महाविद्यालयीन खेळासाठी सराव टप्प्याटप्प्याने वाढविण्याचे नियम झाले. आपल्याकडे जून २०१४ मध्ये मुंबईतील पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावण्याच्या चाचणीच्या वेळी काही तरुण उमेदवारांचा मृत्यू झाला आणि पुढे हे अंतर कमी करण्यात आले.

सरावाची आखणी

पहिले पाच दिवस दिवसातून एकदाच, फार तर एक तास सराव घ्यावा. त्यात चालणे, हलके धावणे आणि चेंडूवरील ताबा एवढेच असावे. सहाव्या दिवसापासून वेळ व वेग थोडा थोडा वाढवावा. पूर्ण सामना दुसरा आठवडा संपल्यावरच खेळवावा. आठवड्यातून एक दिवस संपूर्ण विश्रांती असावी. सराव सकाळी आठच्या आत किंवा ऊन उतरल्यावर घ्यावा. चुकीबद्दल मैदानाला फेऱ्या मारण्याची शिक्षा देऊ नये. थकलेल्या मुलाला थांबता आले पाहिजे.

सरावापूर्वी वीस मिनिटे अंग मोकळे करण्यास द्यावीत. जागतिक फुटबॉल महासंघाने यासाठी 'इलेव्हन प्लस' नावाचा व्यायामक्रम तयार केला आहे. त्यास चेंडूखेरीज साहित्य लागत नाही आणि तो नियमित केल्यास दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात, असे नॉर्वेतील मुलींच्या संघांवरील अभ्यासात आढळले. आपल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात व त्यांत पाय मुरगळतो. म्हणून त्या बुजविल्याशिवाय मैदान वापरू नये.

पालकांसाठी

मुलाला उपाशीपोटी पाठवू नये. भाकरी किंवा गूळ-शेंगदाणे तरी खाऊन जावे. 'खेळताना पाणी पिऊ नये' हा समज चुकीचा आहे. दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी पिण्यास सुटी हवी. ताप किंवा जुलाब होऊन गेलेल्या मुलाला पूर्ण बरे वाटेपर्यंत मैदानावर सोडू नये. खेळताना कधी चक्कर येऊन शुद्ध हरपली असल्यास, छातीत दुखले असल्यास किंवा कुटुंबात कोणी तरुणपणी अचानक दगावले असल्यास प्रथम डॉक्टरांना दाखवावे.

मूल कोसळल्यास

खेळता खेळता मूल असंबद्ध बोलू लागले, झोकांड्या देऊ लागले वा बेशुद्ध पडले, तर घाम येत असला तरी उष्माघातच समजावा. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, मात्र तिची वाट पाहत बसू नये. आधी थंड करावे, मग हलवावे, हा नियम आहे. मुलास सावलीत नेऊन थंड पाण्याच्या मोठ्या टबात मानेपर्यंत बसवावे आणि डोके पाण्याबाहेर धरून ठेवावे. टब नसल्यास चौघांनी ताडपत्रीची झोळी धरून तीत मुलास निजवावे व गार पाणी, मिळाल्यास बर्फ, ओतून पाणी हलवत राहावे. धरणाच्या किंवा नदीच्या पाण्यात नेऊ नये. तेथे बुडण्याचा धोका असतो. बेशुद्ध मुलाच्या तोंडात पाणी घालू नये. तापाची गोळी येथे उपयोगाची नाही.

आमचे काम जमाखर्चाचे. म्हणून शेवटी तोही मांडतो. टब, ताडपत्री, पाण्याची टाकी आणि बर्फाची पेटी यांचा खर्च अतिदक्षता विभागातील उपचारांच्या मानाने अगदी थोडा असतो, आणि तो एकदा केला की अनेक वर्षे पुरतो. आमच्या देणगीदारांपैकी ज्यांना एखाद्या शाळेस साहाय्य करावयाचे असेल, त्यांनी चषक व गणवेश यांच्याबरोबर या चार वस्तूंचाही विचार करावा, अशी नम्र विनंती आहे. मैदानावरची मुले आमच्या खाटांपर्यंत येऊच नयेत, यातच या रुग्णालयाचे समाधान आहे.